तारेला टोचलेली बिलं

म्हार्दोळच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे, आणि त्या खिळ्याला सायकलच्या चाकाची एक तार लटकते. खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. बाबांनी केलेली. घरात आलेलं प्रत्येक बिल त्या तारेत टोचायचं हा त्यांचा नेम होता. विजेचं, पाण्याचं, गॅसचं, फार्मसीचं. सगळ्यांत जुनं तळाला, नवं वर. बाबा २०१६ साली गेले, पण आईने तार उतरवली नाही. फार्मसीतून आली की ती आधी बिल टोचते, मग पिशवी रिकामी करते. मला त्या तारेचा राग यायचा. धूळ बसायची, मागे पाली लपायच्या. ती काढून टाक म्हणून मी दोनतीनदा आईशी भांडलेही होते. ती तार नसती तर आईच्या आजारपणात काय झालं असतं, हे मनात आलं की आजही हातपाय गार पडतात.

२०२२ चा ऑगस्ट होता. चवथ तोंडावर आलेली आणि जायांचे, म्हणजे जाईच्या फुलांचे, दिवस. आमच्या गावच्या जायो सगळ्या गोव्यात नावाजलेल्या. उन्हं कलली की कळ्या खुडायच्या आणि उमलायच्या आत केळीच्या दोरात गुंफून टाकायच्या. आईचा हात यात असा बसलेला की बोलता बोलता हातभर माळ होते. कळी चिमटीत धरायची, दोराचा वेढा घ्यायचा, ओढायचा, की पुढची कळी. त्या रविवारी मी म्हापशाहून पोचले तेव्हा ती पडवीत बसली होती. मांडीवर सूप, सुपात कळ्या आणि दोर बाजूला पडलेला. कळ्या सुपातच उमलून गेल्या होत्या.

"बोटां वळनात गे बाय," ती म्हणाली.

मी तिचे हात हातात घेतले. बोटांचे सांधे किंचित सुजलेले, गरम. सकाळी उठल्यावर तासभर कपाचा कानसुद्धा धरता येत नाही, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. महिनाभर चाललं होतं म्हणे. आपली माणसं अंगावर काढतात, आणि आपण आठवड्यातून एकदा जाऊन "बरी आहेस ना?" एवढंच विचारून परततो.

शेजारी सगळ्यांनी चिकुनगुनिया म्हटलं. पावसाळा होता, गावात ताप होता, म्हणून आम्हालाही ते पटलं. चाचणी नकारात्मक आली. मग वय झालं, सांधे धरणारच, असं ठरलं. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आईची किडनी आधीच थकलेली, क्रिएटिनिन वाढलेलं. अशा माणसाला या गोळ्या चालत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनीही विचारलं नाही. ऑक्टोबरात संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला, ९९ आणि १०० च्या मध्ये घुटमळणारा. डिसेंबरात दीर्घ श्वास घेतला की छातीत कळ यायला लागली. हृदयाची पेशंट, त्यामुळे आम्ही घाबरून धावलो. ईसीजी ठीक होता. एक्स-रेत फुप्फुसाच्या आवरणात थोडं पाणी दिसलं. टीबी आहे का पाहिलं, नव्हता. वजन सहा किलोनी उतरलं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, तेव्हा तिने ते स्वतःच टाके घालून घट्ट केले. मला ती सुई आठवते. सुजलेल्या बोटांनी तिने ती कशी धरली असेल?

या सहा महिन्यांत किती केसपेपर झाले असतील! प्रत्येकावर सुरुवातीला एक प्रश्न ठरलेला: कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? आई दरवेळी सांगायची, नाही. ते खरंच होतं. आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी तीन अक्षरं: सीएसटी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, म्हणजे आहे तेच औषध पुढे चालू. ती तीन अक्षरं लिहायला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत आठ गोळ्यांची यादी न वाचताच पुढे ढकलली जाते. मी कुणा एकावर दोष ठेवत नाही. ज्या खासगी रुग्णालयात आम्ही खेपा घालत होतो, तिथे बाहेर बाकावर चाळीस माणसं बसलेली असायची. पण ती अक्षरं आता दिसली की मी कागद परत पुढे करते आणि म्हणते, एकदा यादी वाचाल का?

फेब्रुवारीत रक्ताची एएनए नावाची चाचणी केली. ती जोरदार पॉझिटिव्ह आली आणि आम्हाला सांगण्यात आलं: ल्युपस. शरीराची राखण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते, असा तो आजार. जन्मभराचा. स्टेरॉइड आणि त्यासोबत आणखी जड औषधं लागतील, असं सांगितलं. रात्री मी मोबाइलवर वाचत बसले आणि वाचलेलं सगळं आईच्या अंगावर दिसायला लागलं. आईने एकच विचारलं, "आपल्यात कुणाला होता गे हा रोग?" मग तिने मनाशी काय काय शोधलं. राहिलेला नवस, न केलेली एक वारी. ग्रामदेवतेपुढे प्रसाद लावला, पाकळी उजवीकडे पडली. मी शेजारी उभी होते. पाकळी पडली तेव्हा तिचा चेहरा सहा महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला. देवीने होकार दिला, आता बांबोळीला जाऊ, असं तीच म्हणाली.

गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत आम्हाला जी डॉक्टर भेटली ती माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिने रिपोर्ट बाजूला सारले आणि आईकडे बघून म्हणाली, "आई, एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ल्युपस? असं होत नाही असं नाही. पण मी आधी औषधं बघणार."

मी अभिमानाने गोळ्यांची पिशवी काढली. सगळ्या स्ट्रिप होत्या. तिने त्या टेबलावर मांडल्या, एकेक नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, "आज काय घेतात ते कळलं. कुठली कधी सुरू झाली ते कुठून कळणार?"

आईला सांगता येईना, मलाही. "लाल गोळी दिवाळीच्या आधी की नंतर?" असलं काहीतरी आम्ही पुटपुटत होतो. आणि आईच म्हणाली, "तार आहे."

बांबोळीहून म्हार्दोळ वीसेक किलोमीटर. मी दुसऱ्या दिवशी ती तार खिळ्यावरून काढली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि घेऊन गेले. डॉक्टरने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही दोघी बिलं उपसायला लागलो. विजेची एकीकडे, औषधांची एकीकडे. तेव्हा एक अडचण कळली. हल्लीच्या फार्मसीची बिलं गुळगुळीत कागदावर, उष्णतेने छापलेली. वर्षभरात अक्षरं उडून जातात. कितीतरी कागद कोरेच झाले होते, मध्ये फक्त तारेचं भोक. पण गावातला म्हातारा फार्मसीवाला अजून हाताने, कार्बन घालून बिल लिहितो. निळी अक्षरं तशीच होती. त्या निळ्या बिलांतून एक नाव वर आलं. ९ जून २०२१. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि हायड्रालाझिन यांची जोडगोळी, दिवसातून तीन. १७ नोव्हेंबरच्या बिलात तीच गोळी दुप्पट: एका वेळी दोन.

डॉक्टरने एका रिपोर्टच्या पाठीवर आडवी रेघ मारली. रेघेच्या वर प्रत्येक औषध सुरू झाल्याची तारीख, खाली प्रत्येक त्रास सुरू झाल्याची. जुलै २०२२, बोटं. ऑक्टोबर, ताप. डिसेंबर, छाती. वरच्या बाजूला नवं असं फारसं काही नव्हतंच. बाकी गोळ्या दहा-दहा वर्षांच्या. ती एकच पोरकी गोळी मध्ये उभी होती, आणि तिच्यानंतर सगळं.

हायड्रालाझिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं जुनं औषध, १९५० च्या दशकातलं. आईचं हृदयाचं पंपिंग कमी, त्यात किडनीमुळे नेहमीची औषधं सोसेनात, म्हणून हे दिलं होतं. देण्यात काही चूक नव्हती. त्या औषधाने जवळपास दोन वर्षं तिचं हृदय सांभाळलं. पण औषधातून ल्युपससारखा आजार उद्भवतो, हे वैद्यकाला आजचं माहीत नाही. १९४५ साली सल्फाडायझिनच्या बाबतीत ते पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि १९५३ पासून हायड्रालाझिनच्या बाबतीत. या औषधाचा धोका डोसाबरोबर चढतो. ब्रिटनमध्ये १९८४ साली २८१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत तीन वर्षांत एकालाही हा त्रास झाला नव्हता. १०० घेणाऱ्यांत ५.४ टक्क्यांना झाला, २०० घेणाऱ्यांत १०.४ टक्क्यांना. बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. आईच्या गोळीत ३७.५ मिलिग्रॅम होतं. सहा गोळ्यांचे २२५ झाले. मी तो गुणाकार बिलाच्याच पाठीवर केला होता.

माझ्या डोक्यात बसलेली एक समजूत त्या दिवशी मोडली. औषध बाधलं म्हणजे लगेच बाधतं, असं मी धरून होते. गोळी घेतली, अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले. ती अ‍ॅलर्जी. केसपेपरवरचा तो प्रश्न त्याच्यासाठी असतो. ही दुसरी जात आहे. इथे गोळी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदते. तिच्यावरचा सगळ्यांचा संशय उडून जातो. मग कधीतरी ताप येतो, सांधे धरतात, अंग मोडून येतं, छातीच्या आवरणाला सूज येते. "ही तर जुनीच गोळी आहे," असं आपण म्हणतो, आणि तिथेच फसतो.

असं का होतं, हे मी डॉक्टरला विचारलं. तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं: पेशींमधल्या काही जनुकांना कुलपं लावलेली असतात, ती नको तेव्हा उघडू नयेत म्हणून. हायड्रालाझिन रक्षक पेशींमधली ही कुलपं ढिली करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मग त्या पेशी घरच्यांनाच चोर समजू लागतात. शिवाय काही माणसांच्या यकृतात या औषधाचा निचरा सावकाश होतो, जन्मतःच. अशांच्या अंगात ते जास्त वेळ रेंगाळतं. टीबीवरचं आयसोनायझिडही त्याच वाटेने जातं, आणि त्यानेही हा त्रास होऊ शकतो.

तिने आणखी चाचण्या सांगितल्या. एएनए एकटी काही सिद्ध करत नाही; म्हाताऱ्या माणसांत ती काही आजार नसतानाही पॉझिटिव्ह निघते. अँटी-हिस्टोन नावाच्या अँटिबॉडी औषधाने झालेल्या ल्युपसमध्ये बहुतेकांत सापडतात, पण साध्या ल्युपसमध्येही सापडतात, म्हणून त्यांच्यावरही डोळे मिटून विसंबायचं नाही. साध्या ल्युपसमध्ये डीएस-डीएनए विरुद्धच्या अँटिबॉडी वाढतात आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं घटतात. औषधाच्या प्रकारात सहसा तसं होत नाही. आईच्या रिपोर्टमध्ये अँटी-हिस्टोन होत्या, डीएस-डीएनए नव्हत्या, कॉम्प्लिमेंट जागच्या जागी. तिने लघवीत रक्त आणि प्रथिनं आहेत का तेही पाहून घेतलं, आणि एएनसीए ही चाचणी. कारण हायड्रालाझिन कधी कधी लहान रक्तवाहिन्यांना सूज आणतं आणि किडनीवर घाला घालतं. तसं असतं तर वेळ हातात नसता. नव्हतं. तो रिपोर्ट हातात पडेपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

"शेवटची चाचणी रक्ताची नाही," ती म्हणाली. "औषध थांबवायचं आणि वाट बघायची."

पण थांबवलं ते घरच्या घरी नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे सगळं ऐकून एका नातलगाने स्वतःची बीपीची गोळी परस्पर बंद केली होती, आणि त्याला मी फोनवर ओरडले होते. आईच्या हृदयाच्या डॉक्टरशी बांबोळीहून बोलणं झालं, हायड्रालाझिनच्या जागी दुसरी गोळी ठरली, बीपी रोज लिहायला सांगितलं, आणि मगच ती बंद केली. स्टेरॉइड थोडं, काही आठवडेच. दुखण्याच्या गोळ्या त्याच दिवशी कायमच्या बंद. आधी ठरलेली जड औषधं सुरूच झाली नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात ताप गेला. संध्याकाळी सात वाजता थर्मामीटर लावायची सवय लागलेली, तो ९७ दाखवायचा तर आई परत लावायची. छातीची कळ महिन्याभरात निवली. बोटांना दोन महिने लागले. एएनए मात्र वर्षभराने केली तेव्हाही पॉझिटिव्हच होती. तशी ती राहू शकते, तिच्यामागे लागू नका, माणसाकडे बघा, असं डॉक्टरने आधीच बजावून ठेवलं होतं, म्हणून धक्का बसला नाही.

तेव्हापासून मी लोकांच्या गोळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. मुरुमांसाठी महिनोन् महिने मिनोसायक्लिन घेणाऱ्या मुलीचे सांधे धरले किंवा तिला कावीळ झाली, तर ती गोळी आठवायला हवी. वारंवार लघवीची जळजळ होते म्हणून नायट्रोफ्युरँटॉइन लांबवत नेणाऱ्या बाईचं शरीरही असंच स्वतःच्या यकृतावर उलटू शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात गजकर्ण घरोघरी. त्यावरच्या टर्बिनाफिनने काहींच्या अंगावर, उन्हात उघड्या पडणाऱ्या भागावर, ल्युपसचे चट्टे उठतात. ते गजकर्णच पसरलं असं समजून गोळी आणखी वाढवली जाण्याची भीती असते. गरोदरपणात बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलडोपाने क्वचित रक्तातल्या तांबड्या पेशीच फुटायला लागतात. आणि सगळ्यांतच औषध थांबवून भागतं असंही नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने फार थोड्या माणसांत स्नायूंवर असा हल्ला सुरू होतो, की गोळी बंद करूनही तो थांबत नाही, त्यावर वेगळे उपचार लागतात. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्याला जिना चढवेना, खुर्चीतून उठवेना, हात वर करून केस विंचरवेनात, तर "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही. ही औषधं वाईट नाहीत. यांतली बहुतेक लाखो माणसांना सोसतात आणि जगवतात. प्रश्न फक्त हा, की नवं काही दुखायला लागलं तर यादी वाचणारा कुणीतरी हवा.

एक गोष्ट मला त्या ओपीडीत पहिल्यांदा कळली. औषधाने बाधलं तर त्याची नोंद करता येते, आणि ती फक्त डॉक्टरांनीच करायची असं नाही. २०१० पासून देशात त्यासाठी कार्यक्रम चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ हा फुकट फोन नंबर, आणि सामान्य माणसासाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. आम्ही तो घरीच भरला. आई पलंगावर, मी टेबलाशी. त्रास कधी सुरू झाला, औषध कधी सुरू झालं, किती दिवस घेतलं. तारेतली बिलं समोर होती, म्हणून एकेक रकाना भरत गेला. औषध बंद केल्यावर काय झालं, इथे मी लिहिणार होते, "सुधारणा". आई म्हणाली, "माळ करता येते असं लिही."

मी दोन्ही लिहिलं.

२०२३ च्या जायांच्या दिवसांत तिने परत सूप मांडीवर घेतलं. पहिली माळ ढिली झाली, ती तिने उसवून परत केली. दुसरी ठीक. तिसरी देवळात गेली. मधलं बोट अजून पूर्ण वळत नाही, त्यामुळे ती दोर आता अनामिकेने ओढते, आणि तिचा वेढा आधीपेक्षा थोडा मोठा पडतो. माळेत दोन कळ्यांमध्ये बोटभर नाही, पण धाग्याएवढी फट दिसते. ती फट मला दिसते, इतर कुणाला दिसत नसावी.

तार परत खिळ्यावर आहे. फक्त आता आई बिल टोचण्याआधी उलटं करते, मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने तारीख लिहिते आणि गोळीचं नाव. पुढची छापील अक्षरं उडून जातात, हे तिने लक्षात ठेवलंय. मागच्या आठवड्यात किडनीच्या डॉक्टरने एक नवी गोळी दिली. मी पिशवी ओट्यावर ठेवली तर ती चष्मा लावून बिल घेऊन बसली होती.

"'स' ला काना आहे की नाही गे?" तिने विचारलं. मी स्ट्रिप उजेडात धरली आणि एकेक अक्षर सांगत गेले.